जमा

भामाचा फोन आला तेव्हा महबूल्यात साडेसहा वाजले होते,
गावी नऊ.
"दारात तिघे उभे आसत. बंदूक मागतत.
इलेक्शन आसा म्हणे. आत घेव काय?"

मी वरच्या बंकवर, पंखा हातभर अंतरावर,
तिथून समुद्रापलीकडचं दार राखू लागलो.
म्हटलं, घेऊ नकोस. उंबऱ्याच्या आत पाय नाही.
आधी विचार, हुकूम कागदावर आहे का.
त्यात नाव आहे का, नारायण सखाराम गवस, पूर्ण,
की सगळ्या गावाला मिळून एकच झेरॉक्स?
बाई पोलीस आहे का सोबत?
पडवीतला दिवा लाव, चेहरे दिसू देत.
पाणी मागितलं तर दे. पाणी द्यावंच.
आवाज चढवू नकोस,
उतरवूही नकोस.

वडलांची ठासणीची. नळीला गंज, चाप सैल,
डुकरांच्याही ओळखीची झालेली.
शेवटचा बार काढला तेव्हा थोरली पाचवीत होती;
वानरं या काजूवरून त्या काजूवर गेली, इतकंच.
तिच्यासाठी तालुक्याला किती खेपा,
शेतीसंरक्षण, मुदतवाढ, शिक्का, उद्या या.
बंदूक हा हक्क नव्हे, हे मला कळतं.
ती सरकारची मर्जी, तारीख घालून दिलेली.
पण दार?
पुस्तकाच्या पहिल्या पानावर जे छापलेलं असायचं,
गुरुजी उभं करून म्हणायला लावायचे,
त्यात कडीकोयंड्याचा उल्लेख नाही.
मी तो मनानेच घातलाय.

खाली परकारचाचा डाळ ढवळत ऐकत होता.
"वकील झालास रे," म्हणाला.

तेवढ्यात आमचं दार वाजलं.
एकदाच. तळहाताने.
दुसऱ्यांदा वाजायच्या आत मी उतरून उघडलंही होतं.
कोण, विचारलं नाही.
कागद मागितला नाही.
बताका खिशातून आपोआप हातात आलेला.

दोघे गणवेशात, एक साध्या कपड्यांत.
बूट गाद्यांपर्यंत.
एडुकोंडलुची पेटी उपडी झाली.
साध्या कपड्यातल्याने माझा बताका उजेडात धरला,
तारीख पाहिली, मला पाहिलं,
पुन्हा तारीख.
नऊ दिवस उरलेत.
मंदूब म्हणतो, होईल, पासपोर्ट माझ्याकडे जमा आहे ना.
जमा आहे. सात वर्षं.
पावती मागायचं सुचलंच नव्हतं कधी.

फोन गादीवर उताणा, चालूच.
त्यातून भामा बोलत होती, माझ्याशी नव्हे:
"नाव खंय आसा हेच्यात? नाव घालून आणा.
सकाळी मीच घेवन येतंय. मी खंय पळतंय?"
कोण, त्याने मानेनेच विचारलं.
घरवाली, म्हटलं.
तो हसला की काय, कळलं नाही.

एडुकोंडलुला घेऊन गेले. चपला घालू दिल्या.
डाळ खाली लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला.
बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने नेली,
कंडक्टरने अर्धं तिकीट फाडायची मस्करी केली म्हणे.
पावती क्रमांक. शिक्का. सही.
'ठासणीची, एक नग, नळी गंजलेली.'
मालक कुठे, त्या रकान्यात: परदेशी.
"परत कधी देतले, ती तारीख पण लिवन घेतलय,"
ती म्हणाली. मग थांबून,
"काल तुमच्याकडे कोण इल्ले?"
शेजारी, म्हटलं.

रात्री परकारचाचाने ती पेटी सुलटी केली.
हिशेबाच्या वहीतलं पान फाडून
लिहायला बसला, चष्मा कपाळावर:
लोणच्याची बाटली, एक. अर्धी.
मुलीचा फोटो, एक.
दहा नंबरचा पाना. देवाची दोरी.
शर्ट तीन, पैकी एक ओला.
तारीख घातली, वेळ घातली.
खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या,
पंच म्हणून,
आणि कागद कुणाला द्यायचा
ते ठरेना.